पोरगा आपल्याकडे येतोय!

१५ डिसेंबर २०२१, बुधवार. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला सुवानी नावाचं उपनगर आहे. तिथल्या कॉलिन्स हिल हायस्कूलचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ट्रॅव्हिस हंटर टेबलामागे बसला होता. समोर मोठमोठ्या विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या, त्यापलीकडे कॅमेरे. त्यातली जी टोपी तो डोक्यावर चढवेल, त्या विद्यापीठाकडून तो पुढची काही वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळणार होता. उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यासारखंच होतं. मार्च २०२०पासून, म्हणजे पावणेदोन वर्षं, त्याने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला शब्द दिलेला होता. फ्लोरिडातच जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून त्याच संघाचा चाहता होता.

हंटरने टेबलावरच्या टोप्या बाजूला सारल्या आणि डोक्यावर चढवली ती जॅक्सन स्टेटची टोपी.

मिसिसिपी राज्यातलं हे विद्यापीठ प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं. त्याचा संघ पहिल्या विभागातला असला, तरी त्यातल्या खालच्या गटात खेळणारा. त्या वर्षी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या देशभरच्या खेळाडूंच्या याद्यांमध्ये हंटर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर होता. या दर्जाचा खेळाडू या दर्जाच्या गटात जातो, असं याद्या निघू लागल्यापासून घडलेलं नव्हतं.

फ्लोरिडा स्टेटच्या टॅलाहासी शहरापासून जॅक्सन रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. एकाच क्षणी पहिल्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं आणि दुसऱ्या गावाला आनंद आवरेना. टॅलाहासीच्या दुःखाला आणखी एक टोक होतं. हंटरला पळवणारा जॅक्सन स्टेटचा कोच होता डिऑन सँडर्स, म्हणजे फ्लोरिडा स्टेटचाच एके काळचा लाडका खेळाडू, ज्याचा दोन नंबरचा शर्ट त्या विद्यापीठाने सन्मानाने कायमचा राखून ठेवला आहे. घरातल्याच माणसाने घास काढून नेला होता.

एका मुलाने कॉलेज निवडलं, त्यात दोन गावांनी एवढं हलून जावं असं काय आहे? आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, एक ढाल आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले चार मित्र. अमेरिकेत ज्या आठ कॉलेज स्टेडियमांत प्रत्येकी लाखावर माणूस बसतो, तिथे मोसमात जवळजवळ प्रत्येक घरचा सामना भरलेला असतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांवर आहे. मिसिसिपी किंवा अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगचा एकही संघ नाही. तिथे राज्याचा म्हणावा असा संघ विद्यापीठाचाच. कोल्हापुरात तालमीचा संघ ही जशी अख्ख्या पेठेची बाब असते, तशी तिथे विद्यापीठाचा संघ ही अख्ख्या राज्याची बाब असते, आणि त्या विद्यापीठाची पायरीही न चढलेली लाखो माणसं त्याच्या रंगाचे कपडे घालून जगतात.

खेळाडूंनाही दुसरी वाट जवळपास नाही. व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, नियम असा की शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. ती वर्षं कॉलेजात काढावी लागतात. त्यामुळे देशभरच्या शाळांत फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे दहा लाख मुलांकडे विद्यापीठांचे कोच डोळा लावून बसलेले असतात. या मुलांच्या याद्या करून त्यांना तारे देणं हा तिथे स्वतंत्र व्यवसाय आहे. टॉम लेमिंगसारख्या माणसांनी तो १९७०च्या दशकाच्या शेवटी एकट्याच्या बळावर, गावोगाव गाडी फिरवत सुरू केला. आज त्याच्या कंपन्या झाल्या आहेत. पाच तारे म्हणजे सर्वोच्च. ते वर्षाकाठी तीसेक मुलांना मिळतात.

या तीस मुलांच्या मागे मग चाहत्यांचं सगळं वर्ष जातं. सामने सप्टेंबर ते जानेवारी, पण मुलांची निवड बारा महिने चालते. कोणता मुलगा कोणत्या विद्यापीठाची पाहुणचाराची फेरी करून आला, कोणत्या कोचबरोबर त्याचा फोटो आला, त्याची आई कोणत्या रंगाचा शर्ट घालून दिसली, यावर पन्नाशीतली माणसं तासन् तास बोलतात. विद्यापीठांना चाहत्यांसाठी रीतसर सूचना काढाव्या लागतात, की या मुलांशी परस्पर संपर्क साधू नका, त्याने नियम मोडतो आणि नुकसान आपल्याच संघाचं होतं. मुलाने तोंडी शब्द दिला, तरी तो बंधनकारक नसतो. १९६४पासून साठ वर्षं खरं वजन होतं ते एका कागदाला, राष्ट्रीय इरादापत्राला. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी सकाळी मुलं त्यावर सह्या करून ते फॅक्सने विद्यापीठाला पाठवायची. घराघरांतून फॅक्स यंत्र नाहीसं झालं, तरी या एका सकाळसाठी फुटबॉलच्या कचेऱ्यांत ते टिकून होतं आणि त्यातून सरकत येणाऱ्या कागदाकडे पाहत मोठमोठे कोच उभे असायचे. २०१७पासून डिसेंबरातही सह्यांचे दिवस आले. हंटरने टोपी चढवली तो दिवस त्यातलाच.

अशा दिवशी मुलांच्या घरात जे घडतं, ते पाहिलं की चाहत्यांच्या जिवाची घालमेल समजते, कारण तीच घालमेल मुलाच्या आईबापांचीही असते. जानेवारी २०१२मध्ये लँडन कॉलिन्स या लुइझियानाच्या मुलाने टीव्हीवर अलाबामाचं नाव घेतलं, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या आईची नाराजी साऱ्या देशाला दिसली. तिला मुलगा घरच्या राज्याच्या विद्यापीठात, एलएसयूत, हवा होता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉलिन्सने आर्कान्सा विद्यापीठ निवडलं. आईला ते इतकं मान्य नव्हतं की सहीचा कागद राहून गेला, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना सोबत घेऊन मुलाने सह्या पूर्ण केल्या. २०११मध्ये सायरस क्वांजिओने टीव्हीवर ऑबर्नचं नाव घेतलं. ऑबर्नचे चाहते नाचले. पण फॅक्स काही आला नाही. दिवस गेले, आणि कागद पोचला तो अलाबामाला, म्हणजे त्याच राज्यातल्या हाडवैऱ्याकडे. त्या राज्यात ओळख झाली की माणसं आधी विचारतात, तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे. तिथे या कागदाने काय केलं असेल, याची कल्पना करता येते.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणा वाटतो रोक्वान स्मिथ. जॉर्जियातल्या लहान गावचा हा मुलगा. त्याने फेब्रुवारी २०१५मध्ये टीव्हीवर यूसीएलएचं नाव घेतलं. पण ज्या कोचच्या भरवशावर तो कॅलिफोर्निया गाठणार होता, तोच कोच व्यावसायिक संघाकडे निघाल्याच्या बातम्या त्याच दिवशी कानावर आल्या. स्मिथने कागद पाठवलाच नाही. नंतर तो जॉर्जिया विद्यापीठात गेला, तोही इरादापत्रावर सही न करता. कोचला मुक्तपणे जाता येतं आणि मुलगा मात्र कागदाने बांधला जातो, हा व्यवहार एकतर्फी आहे हे त्याने ओळखलं होतं. पुढे देशातला सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून त्याचा गौरव झाला. त्या आठवड्यात जे चाहते त्याच्यावर संतापले होते, त्यांच्यापैकी कुणी कोचवर तेवढा संताप केला असेल, तर तो मला कुठे दिसला नाही.

आता जॅक्सनकडे वळू. तिथला त्या बुधवारचा आनंद नुसता फुटबॉलचा नव्हता, हे समजून घ्यायला मागे जावं लागतं.

जॅक्सन स्टेटची स्थापना १८७७ची, मिसिसिपीतल्याच नॅचेझ गावी. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी बाप्टिस्ट मिशनने ही शाळा काढली आणि काही वर्षांत जॅक्सनला हलवली. त्याच्या चारच वर्षं आधी, १८७३मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. मुक्तीनंतर पहिली निकड शाळेची असते, हे फुल्यांना पुण्यात जितकं ठाऊक होतं तितकंच ते मिसिसिपीतल्या त्या माणसांनाही ठाऊक होतं. अशा शाळा दक्षिणेत ठिकठिकाणी निघाल्या. त्यांचीच पुढे विद्यापीठं झाली, कारण गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती.

दारं खेळातही बंद होती. त्याचा उलटा परिणाम असा झाला की दक्षिणेतले उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू याच कॉलेजांत एकवटले. मिसिसिपीतल्याच कोलंबिया गावचा वॉल्टर पेटन १९७१मध्ये जॅक्सन स्टेटला आला. १९८७मध्ये तो व्यावसायिक खेळातून निवृत्त झाला तेव्हा चेंडू घेऊन धावण्याचा लीगचा विक्रम त्याच्या नावावर होता, १६,७२६ यार्डांचा. लेम बार्नी, जॅकी स्लेटर, रॉबर्ट ब्राझील आणि पेटन, असे चार खेळाडू या एका कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलच्या मानमंदिरात गेले.

मग दारं उघडली, पण उघडली ती फक्त बाहेर जाणाऱ्यांसाठी. दक्षिणेतल्या बलाढ्य विद्यापीठांच्या गटात, म्हणजे एसईसीत, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानावर उतरला १९६७मध्ये, केंटकीकडून. १२ सप्टेंबर १९७० रोजी कॅलिफोर्नियाच्या यूएससी संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ असं हरवलं. त्या विजयाचा नायक होता सॅम कनिंगहॅम, कृष्णवर्णीय फुलबॅक. मिसिसिपी विद्यापीठ, ज्याला सगळे ओल मिस म्हणतात, सर्वांत शेवटच्यांपैकी. तिथे १९७२मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू मुख्य संघात आले. ही दारं उघडायलाच हवी होती, यात वाद नाही. पण त्यानंतर पाच ताऱ्यांची मुलं ओळीने मोठ्या विद्यापीठांकडे गेली, आणि ज्या कॉलेजांनी वाईट काळात या मुलांच्या बापजाद्यांना जागा दिली होती, त्यांच्या हाती उरलेसुरले आले. पैसा, टीव्ही, स्टेडियमं सगळं तिकडे गेलं. जॅक्सन स्टेटच्या चाहत्यांनी हे पन्नास वर्षं पाहिलं होतं.

जॅक्सन स्टेट ज्या स्टेडियमात खेळते, त्याचीही गोष्ट सांगायला हवी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक्सन स्टेटमध्ये शिकणाऱ्या जेम्स मेरेडिथ नावाच्या तरुणाने ओल मिसमध्ये प्रवेश मागितला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला. २९ सप्टेंबर १९६२च्या रात्री जॅक्सनच्या स्टेडियमवर ओल मिस विरुद्ध केंटकी असा सामना होता. मध्यंतरात राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानावर आले आणि मिसिसिपीवर, तिच्या माणसांवर आणि तिच्या रीतिरिवाजांवर आपलं प्रेम असल्याचं त्यांनी माइकवरून सांगितलं. गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे झेंडे स्टँडांत फडकत होते. दुसऱ्या रात्री ओल मिसच्या आवारात दंगल उसळली आणि दोन माणसांचा जीव गेला. मेरेडिथ त्यानंतरच्या सकाळी फेडरल मार्शलांच्या पहाऱ्यात वर्गात गेला. ज्या मैदानावर बार्नेट उभे होते, तेच आज जॅक्सन स्टेटचं घरचं मैदान आहे. तिथेच ‘सॉनिक बूम ऑफ द साउथ’ हा तिचा बँड वाजतो, आणि २०२१मध्ये तिथे सामन्याला सरासरी ४२ हजारांवर माणूस येत होता. आपल्या गटात देशात सर्वाधिक.

देशातला सर्वोत्तम म्हणून गणलेला मुलगा या मैदानावर स्वतःहून यायला निघाला. आपण निवडलो गेलो, असं त्या गावाला पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाटलं. हंटरने स्वतःही तसंच सांगितलं होतं. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या इतिहासाचाच नव्हे तर भविष्याचाही भाग व्हायचं आहे, आणि आपल्यामागून इतर मुलांनीही यावं, अशा अर्थाचं ते निवेदन होतं. पैशासाठी गेला, अशी कुजबुज झाली. सँडर्सने ती साफ खोटी ठरवली. मला त्या कुजबुजीतच जुना अपमान ऐकू येतो. हाच मुलगा अलाबामाला गेला असता तर कारण विचारायची गरज कुणाला वाटली नसती.

मिसिसिपीने असा एक मुलगा आधीही पाहिला होता, आणि त्याची आठवण असलेल्या माणसांच्या मनात त्या दिवशी थोडी धाकधूक असणार.

मार्कस ड्युप्री. जन्म २२ मे १९६४, गाव मिसिसिपीतलं फिलाडेल्फिया. त्याच्या जन्मानंतर महिन्याभराने, २१ जून १९६४ला, त्याच परिसरात मतदार नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी खून केला आणि मृतदेह मातीच्या बंधाऱ्यात पुरले. त्या गावात सतरा वर्षांनी शुक्रवारच्या रात्री गोरे आणि काळे एकाच स्टँडमध्ये बसून एका काळ्या मुलासाठी ओरडत होते. ड्युप्री प्रचंड होता आणि तेवढाच वेगवान. शाळेच्या कारकिर्दीत त्याने ८७ टचडाउन केले, जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरपेक्षा एक जास्त. १९८१-८२च्या हिवाळ्यात देशभरचे कोच गावातल्या मोटेलांत मुक्काम ठोकून बसले. मिसिसिपीत जन्मलेला लेखक विली मॉरिस तो सगळा प्रकार जवळून पाहत होता. १९८३मध्ये त्याने त्यावर ‘द कोर्टिंग ऑफ मार्कस ड्युप्री’ हे पुस्तक लिहिलं. खेळावरच्या पुस्तकांत मी त्याला फार वरचं स्थान देते, कारण मॉरिसला मुलापेक्षाही मुलाभोवती जमलेली माणसं दिसली होती. मुलासाठी एकत्र आलेलं गाव स्वतःलाच माफ करू पाहत होतं.

मुलगा मिसिसिपीत राहिला नाही. तो ओक्लाहोमाला गेला. पहिल्या वर्षी त्याने ९०५ यार्ड काढले आणि १ जानेवारी १९८३च्या फिएस्टा बोल सामन्यात फक्त १७ वेळा चेंडू घेऊन २३९ यार्ड. पण कोचशी जमलं नाही, वजनावरून आणि दुखापतींवरून खटके उडाले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो ओक्लाहोमा सोडून घरी परतला. मग एक नवी लीग, गुडघ्याची दुखापत, खूप वर्षांनी एनएफएलमध्ये थोडे दिवस. तो ‘वाया गेला’ असं आजही म्हणतात. मला हा शब्दप्रयोग सोसत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या खांद्यावर एका गावाचं प्रायश्चित्त, एका राज्याचा मान आणि एका विद्यापीठाचं विजेतेपद ठेवलेलं होतं. त्याला काय हवं होतं, हे विचारणारे त्या मोटेलांत किती होते?

हंटरच्या बाबतीत हेच घडू नये अशी इच्छा होती, आणि काही काळ तसं वाटलंही. २०२२च्या मोसमात पायाच्या दुखापतीने त्याचे काही सामने हुकले, पण जॅक्सन स्टेट जिंकतच राहिली. त्या ऑगस्टअखेर शहराचं जलशुद्धीकरण केंद्र कोलमडलं आणि दीड लाख लोकांचं पाणी गेलं. घरांत नळ कोरडे, लोक बाटल्यांच्या रांगेत, संघाच्या मुलांची सोय हॉटेलात. वर्षानुवर्षं पैशावाचून कुजत ठेवलेल्या शहराचा तो कळस होता. अशा शहरात शनिवारी स्टेडियम भरायचं. २९ ऑक्टोबरला ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा कार्यक्रम जॅक्सनला आला. एरवी तो मोठ्या विद्यापीठांच्याच अंगणात उतरतो. जॅक्सन स्टेटने त्या दिवशी सदर्न विद्यापीठाला ३५-० हरवलं. पाण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही, हे तिथल्या माणसांना सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पण देशाचे कॅमेरे आपल्या हालांसाठी नव्हे, आपल्या कर्तृत्वासाठी आले आहेत, ही भावना ज्यांनी कधी अनुभवलेली नाही त्यांनी तिला हलकं लेखू नये.

३ डिसेंबर २०२२ला जॅक्सन स्टेटने पुन्हा सदर्नलाच हरवून आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं. तोवर मोसमात एकही हार नाही. त्याच रात्री सँडर्सने खेळाडूंना सांगितलं की तो कोलोरॅडो विद्यापीठाकडे चालला आहे.

जॅक्सनमध्ये त्यावर दोन तट पडले. एक म्हणत होता, माणसाने वर चढू नये का, त्याने दोन वर्षांत जे दिलं ते आधी कुणी दिलं होतं? दुसरा म्हणत होता, देवाने मला इथे बोलावलं असं हाच सांगत होता ना? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात खरेपण होतं. कोलोरॅडोचा संघ त्या वर्षी बारापैकी अकरा सामने हरला होता, तरी तिथला पगार, तिथला टीव्ही आणि तिथली इमारत जॅक्सनपेक्षा कितीतरी मोठी. १७ डिसेंबरला अटलांटात सेलिब्रेशन बोल सामना झाला, कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांमधला अंतिम. सँडर्स तिथे जॅक्सन स्टेटचा कोच म्हणून शेवटचा उभा होता. वेळ संपत असताना कोचचाच मुलगा असलेल्या क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सने फेकलेला चेंडू हंटरने शेवटच्या क्षणी पकडला आणि सामना ३४-३४ असा बरोबरीत आणला. जादा वेळात जॅक्सन स्टेट हरली. काही दिवसांतच हंटरही कोचच्या मागोमाग कोलोरॅडोला गेला.

एक वर्ष. पन्नास वर्षांनी आलेला मुलगा एकच वर्ष राहिला. २०२१च्या उन्हाळ्यापर्यंत संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागे. आता तो नियम शिथिल झाला होता. मुलाने कोचच्या मागे जाणं मला तरी चुकीचं वाटत नाही, तो आलाच होता त्या कोचसाठी. पण जॅक्सनच्या ज्या म्हाताऱ्या माणसाने पेटनला त्या मैदानावर धावताना पाहिलं होतं, त्याच्या दुःखालाही मी चूक म्हणणार नाही. त्याने मुलावर विश्वास टाकला नव्हता, काळ बदलतो आहे यावर टाकला होता.

फ्लोरिडा स्टेटचं काय झालं? हंटरशिवाय २०२३मध्ये त्यांनी अंतिम निवडीपर्यंतचे तेराच्या तेरा सामने जिंकले. राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणाऱ्या चार संघांत तरीही त्यांना घेतलं नाही, आणि त्या अन्यायावर ते आजही बोलतात. पण २०२१च्या डिसेंबरात जे म्हणाले होते की आमचं सगळं संपलं, त्यांच्यासाठी ते तेरा विजय उत्तर होते. ज्या दोन वर्षांत संघ हरत होता, त्या काळात ‘हंटर येणार आहे’ या एका वाक्यावर तिथले चाहते तग धरून होते. आशेला नाव लागतं, ते त्यांनी त्याचं दिलं होतं.

कोलोरॅडोत हंटर आक्रमण आणि बचाव दोन्ही बाजूंनी खेळू लागला. आजच्या काळात या पातळीवर हे कुणी करत नाही, कारण शरीर पुरत नाही. १६ सप्टेंबर २०२३ला शेजारच्या कोलोरॅडो स्टेटविरुद्ध खेळताना एका बचावपटूने त्याला उशिरा आणि जोरात धडक दिली. हंटरच्या यकृताला इजा झाली, तो काही आठवडे बाहेर गेला. त्या बचावपटूला आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. हंटर उघडपणे म्हणाला की हा फुटबॉल आहे, त्याने त्याचं काम केलं, असल्या धमक्या कुणालाच मिळता कामा नयेत. नंतर दोघं एकत्र बोलिंग खेळायला गेले. हंटर तेव्हा वीस वर्षांचा होता. धमक्या देणारी मोठी माणसं त्याच्याच प्रेमाचं नाव घेत होती. या प्रेमात मालकी शिरली की ते किती वेगाने सडतं, हे मला या प्रसंगाइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही.

आणि मालकीची भाषा आता वाढणार, कारण आकडे उघड झाले आहेत. पूर्वी पैसा नव्हता असं नाही. १९८७मध्ये टेक्सासच्या एसएमयू विद्यापीठाचा अख्खा मोसम रद्द झाला, तो खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल. पण जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमावता येऊ लागलं. २०२४मध्ये ते साठ वर्षांचं इरादापत्र बंद झालं. जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, २०२५-२६ या पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. नोव्हेंबर २०२४मध्ये मिशिगन राज्यातल्या ब्राइस अंडरवुड या सतरा वर्षांच्या मुलाने एलएसयूला दिलेला शब्द फिरवून मिशिगन विद्यापीठ निवडलं, तेव्हा बातम्यांत आकडा एक कोटी डॉलरच्या पुढचा होता. ज्या घामावर सगळ्यांनी इतकी दशकं पैसा केला, त्याचा वाटा घाम गाळणाऱ्याला मिळतो आहे, हे न्याय्यच आहे. मात्र ‘आम्ही तुला पैसे दिले’ हे वाक्य चाहत्याच्या तोंडी आता मोकळेपणाने येतं, आणि समोरचा मुलगा अजून शाळेच्या समारंभाचा फोटोही काढून झालेला नसतो.

१४ डिसेंबर २०२४ला, शनिवारी, न्यू यॉर्कमध्ये हंटरला हाइजमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान. दुसऱ्या क्रमांकावर बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी होता, ज्याला शाळेतून निघताना तीनच तारे मिळाले होते. पुढच्या एप्रिलात जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघाने हंटरला देशात दुसऱ्या क्रमांकावर निवडलं.

त्याच शनिवारी, न्यू यॉर्कचा समारंभ सुरू व्हायच्या काही तास आधी, अटलांटात सेलिब्रेशन बोल झाला. सँडर्स गेल्यावर जॅक्सन स्टेटने आपलाच माजी खेळाडू टी. सी. टेलर याला कोच केलं होतं. मिसिसिपीतल्या मॅकॉम गावचा. सँडर्सच्या हाताखाली तो सहायक होता आणि सगळे निघाले तेव्हा मागे राहिला होता. त्याच्या संघात पाच ताऱ्यांचा कुणी नव्हता. समोर होता साउथ कॅरोलिना स्टेटचा संघ, ज्याने २०२१च्या अंतिम सामन्यात, हंटरने टोपी चढवल्यानंतर तीनच दिवसांनी, जॅक्सन स्टेटला हरवलं होतं. या वेळी जॅक्सन स्टेटने सामना २८-७ असा जिंकला. सँडर्सच्या काळात दोनदा हुकलेला हा करंडक विद्यापीठाने पहिल्यांदाच उचलला, आणि जॅक्सनहून बस भरभरून आलेली माणसं ‘सॉनिक बूम’च्या तालावर त्या भल्यामोठ्या स्टेडियमात नाचत होती.